पाठमोरे साहेब

पिक्चर काढणारा माणूस म्हटलं की तुमच्या डोळ्यापुढं एक गॉगल आला असंल. गळ्यात मफलर, हातात भोंगा, आन् मागं छत्री धरून उभा असलेला कुणीतरी. ते सगळं आधी खाली ठेवा. आमच्या साहेबांकडं गॉगल नव्हता. चष्मा होता, तो बी बहुतेक वेळा डोक्यावर. आता तुम्ही म्हणाल, मग हा माणूस शेवटी बुडाला असंल, नायतर परदेशातून बक्षीस घेऊन आला असंल. तसलं बी काय नाय. आन् असल्या लिखाणातली माणसं शेवटच्या पानावर मरतात म्हणून कुणी आत्तापासून रुमाल काढू नका. साहेब धडधाकट आहेत. परवाच गुलमंडीवर इमरती खाताना भेटले. माझ्याकडं पाठ करून उभे होते, म्हणजे माझं बोलणं नीट ऐकत होते.

हे पाठीचं प्रकरण आधी सांगतो, नायतर पुढचं काय कळणार नाय.

मी लासूर स्टेशनचा. आमच्या शाळेमागं कांद्याचा लिलाव चालायचा. एका कानात मास्तरांचा भूगोल, दुसऱ्या कानात लिलाववाला. भूगोल राहून गेला आन् लिलाव तोंडपाठ झाला. मग हेडमास्तर, मग स्टेशनवरची अनाउन्समेंट, मग चुलत्याची बुलेट. कॉलेजला संभाजीनगरात आलो तेव्हा टपरीवर एका कट चहात अख्खी सिरियल करून दाखवायचो. सासू मीच, सून मीच, दार करकरतं ते मीच, आन् शेवटी ढाण ढाण वाजतं ते बी मीच.

एका दुपारी असाच खेळ चालला होता. पोरं हसत होती. एक पन्नाशीचा माणूस मात्र आमच्याकडं पाठ करून, भिंतीकडं बघत चहा पीत होता. मला वाटलं, ह्या काकांना आपलं पटलेलं नाय. सीन संपला तसे ते भिंतीलाच म्हणाले, "सासूचा श्वास राहिला. बोलायच्या आधी ती नाकाने श्वास घेते."

मी म्हटलं, काका, तुम्हाला काय माहीत.

"तो श्वास मीच घ्यायला लावला होता."

मग ते वळले. गाव विचारलं, मी सांगितलं, आन् त्या दिवसापासून माझं नाव लासूर पडलं. आईबापानं ठेवलेलं नाव त्यांनी कधी विचारलंच नाय. ती सिरियल खरंच त्यांची होती. म्हणजे लिहिली दुसऱ्यानं, काढली तिसऱ्यानं, पण चॅनेलात बसून 'हे असं करा, ते तसं करू नका' सांगणारे हे. त्या सांगण्याला तिथं नोट्स म्हणतात. साहेबांनी जन्मभर लोकांना नोट्स दिल्या होत्या. आता चॅनेल सोडून पिक्चर काढायला ते आपल्या गावी आले होते, आन् त्यांना आवाज काढणारा पाहिजे होता.

पण त्या पाठीचं सांगत होतो.

साहेबांनी सगळी नोकरी एकाच बाईसाठी केली. पोळ्या लाटणारी बाई. "बाई पाठमोरी आहे, लासूर," ते म्हणायचे. "तोंड गॅसकडे, पाठ टीव्हीकडे. तिला वळायला लावायचं नाही. सगळं कानातून गेलं पाहिजे." म्हणून त्यांच्या सिरियलीत कुणाला गुपचूप काय करायची सोयच नव्हती. सून रडत असली तर तिनं म्हणायचं, माझ्या डोळ्यांतलं पाणी खळत नाहीये. दारात कुणी आलं तर म्हणायचं, अगं बाई, भाऊजी तुम्ही, आणि इतक्या सकाळी, हातात बॅग घेऊन. एका भागात तर चोर तिजोरीला सांगतो की मी तुला आता उघडणार आहे.

ही बाई त्यांना सापडली कुठं, तर घरात. गुलमंडीत कापडाच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. तिथं त्यांची आई खानावळ चालवायची. मी त्यांना आजी म्हणतो. गावोगावची कॉलेजची पोरं तिच्या हातची पोळी खाऊन इंजिनेर, वकील, काय काय झाली. ओटा एका भिंतीला, टीव्ही समोरच्या भिंतीला, आन् आजींची पाठ कायम टीव्हीकडं. साहेब मुंबईला गेले तेव्हा चॅनेलात त्यांचं काम काय, तर ह्या मजल्यावरच्या टेपा त्या मजल्यावर नेऊन द्यायच्या. एकदा अशीच टेप द्यायला गेले तर आत मोठी माणसं डोकं धरून बसलेली. एवढा खर्च करून, एवढ्या डोंगरदऱ्या दाखवून लोक सिरियल का बघत नाहीत. साहेब दारातूनच म्हणाले, माझी आई टीव्ही बघत नाही, ऐकते. आतल्यांनी टेप बाजूला ठेवून त्यांना आत बोलावलं. पुढं त्यांना खुर्ची मिळाली, मग टेबल, मग काचेची केबिन, मग केबिनबाहेर ताटकळणारे लेखक.

"आईच्या पाठीवर माझं सगळं करिअर उभं राहिलं," साहेब म्हणायचे. त्यात बढाई नव्हती. चोरीचा माल दाखवावा तसं म्हणायचे.

केबिनीत ते नवा भाग तपासायचे ते खुर्ची भिंतीकडं फिरवून. डोळे मिटून ऐकत बसायचे. मधेच मान वळवून स्क्रीनकडं बघावं लागलं, की तो सीन नापास. लेखक बिचारे मागं बसून देवाला म्हणायचे, ह्यांची मान वळू देऊ नको. अशी वर्षं गेली आन् सवय हाडात बसली. महत्त्वाचं कुणी बोलायला लागलं की साहेब गर्रकन फिरून त्याला पाठ दाखवायचे.

शहागंजातले फळवाले आधी नाराज व्हायचे, मग त्यांना कळलं की गिऱ्हाईक पाठ फिरवून भाव ऐकतंय, पळून जात नाय. क्रांती चौकात एका हवालदारानं आमची गाडी अडवली. साहेबांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, चष्मा होता. हवालदार चिडून बोलायला लागला तसे साहेब उतरले आन् त्याला पाठ करून उभे राहिले. त्याचं झाल्यावर म्हणाले, "पुन्हा एकदा म्हणा. पहिल्या वाक्यात राग होता, दुसऱ्यात तुम्ही थकलात." हवालदारानं मला बाजूला घेऊन विचारलं, ह्यांचं काय बिनसलंय. मी म्हटलं, टीव्हीत होते. तो म्हणाला, मग बरोबर आहे. पावती मात्र फाडलीच.

दुसरी खोड ब्रेकची. गोष्ट सांगायला बसले की ऐन मोक्यावर उठून चहाला जायचे. दार उघडलं, आणि समोर बघतो तर — आन् साहेब जिन्यानं खाली. आपण बसा तोंड उघडं ठेवून. परत आले की आधी मागचं थोडं सांगायचे, मग पुढचं. मुंबईला कसे गेले ती गोष्ट त्यांनी मला अशीच दोन तुकड्यांत सांगितली.

"मी बॅग उचलली. आई ओट्यापाशी पाठमोरी. म्हणालो, निघतो. ती म्हणाली, डबा घेतलास का. म्हणालो, घेतला. आणि मग —"

गेले चहाला. मी बसलो. आले.

"म्हणालो, घेतला. आणि मग काही नाही. ती लाटत राहिली. पूर्ण जिना, खाली दुकानाच्या पायरीपर्यंत, रिक्षात बसेपर्यंत लाटण्याचा आवाज. तो एकदा थांबला असता ना, लासूर, तर मी बॅग टाकून वर आलो असतो." मग चष्मा डोक्यावरून काढून पुसत म्हणाले, "पण पोरांच्या जेवणाची वेळ झाली होती. तिला पोळ्या होत्या."



चॅनेल त्यांनी सोडलं ते एका दिवाळीत. घरी आले होते. त्यांची सगळ्यात आवडती सिरियल लागली होती, तिच्यातला एकच सीन त्यांनी भांडून बिनबोलाचा ठेवला होता. ते म्हणाले, आई, एवढं बघ की जरा. आजी म्हणाल्या, ऐकतेय की मी. आता बिनबोलाचा सीन ऐकणार काय. साहेबांनी त्या दिवशी ठरवलं. एक पिक्चर काढायचा, आन् तो आईनं वळून बघितला पाहिजे. बाकी जगानं बघितला तर बघितला. हे त्यांनी मला बी सांगितलं, एडिटर नजमाआपाला बी सांगितलं, आन् चहावाल्याला बी. फक्त आईला सांगितलं नाय.

पिक्चर म्हणजे काय, तर तोच एक दिवस. खानावळीची बाई, पोरगं मुंबईला निघालंय, ते जिना उतरतं, आन् मागं बाई लाटायची थांबते. तिचा चेहरा दिसतो. बास. "मला तो चेहरा बघायचाय," साहेब म्हणायचे. बाईचं काम आमच्या लासूरच्या शांताकाकूनं केलं. आमच्या वस्तीत भीमजयंतीच्या नाटकात तिच्याशिवाय पान हलत नाय. भाषण ठोकायला सांगितलं असतं तर तिनं छत उडवलं असतं, पण साहेबांनी तिला गप्प उभं राहायला सांगितलं, तर त्यात बी तिनं कमाल केली. शूटिंग बघताना मला माझी आई आठवल्याबिगर राहिली नाय.

घोळ झाला तो पुढं.

नजमाआपाची एडिटिंगची खोली शहागंजात, घड्याळाच्या दुकानावर. तिचा रोजचा धंदा लग्नाचे व्हिडिओ. तिच्या हाताखालून हजारो नवऱ्या रडत सासरी गेल्यात, त्यामुळं कुणाच्या डोळ्यातलं पाणी किती वेळ दाखवायचं हे तिला बरोबर कळतं. साहेब आले की तिच्या मॉनिटरकडं पाठ करून खुर्ची लावायचे आन् म्हणायचे, चालव. पिक्चर चालू व्हायचा. थोडा वेळ कुणी बोललं नाय की साहेबांचा पाय हलायला लागायचा. मग हात. मग म्हणायचे, "बंद पडलं का?"

"चालू है, साब."

"मग कोणी बोलत का नाही? लासूर, इथे एक भाजीवाला दे."

मी भाजीवाला दिला. मग शेजारीण दिली. जिन्यातनं वर येणारा पोस्टमन दिला. खालच्या दुकानातला शेटजी, रेडिओवरच्या बातम्या, बकरी, पुन्हा शेजारीण. मला काय, माझी तर चैन चालली होती. जिथं बाई थांबते तिथं साहेब एकदम बेजार झाले. म्हणाले, शेजारणीला दारात आण, आणि तिला म्हणू दे, अहो, लाटणं का थांबलं तुमचं, पोरगं गेलं म्हणून वाईट वाटतंय ना. मी शेजारणीच्या आवाजात ते बी म्हटलं, नाकानं श्वास घेऊन. नजमाआपानं कपाळाला हात लावला, पण साहेबांची तिच्याकडं बी पाठच होती.

मग आजींना दाखवायचा दिवस आला. आजी आता खानावळ चालवत नायत, पण सकाळच्या पोळ्या सुटलेल्या नायत. स्वतःपुरत्या, साहेबांपुरत्या, आन् शेजारच्या खोलीतल्या दोन परीक्षेवाल्या पोरांपुरत्या. साहेबांनी टीव्हीला पेनड्राईव्ह लावला आन् स्वतः टीव्हीकडं पाठ करून, आईच्या पाठीकडं बघत उभे राहिले. मी आन् आपा कॉटवर.

पिक्चर सुरू झाला, झाला, संपला. आजींनी लाटलं, भाजलं, तूप लावलं, डब्यात ठेवलं. एकदा बी वळल्या नायत.

"कसा वाटला?" साहेबांनी विचारलं. आईपुढं त्यांची मुंबईची भाषा जिन्याखालीच राहायची. "समजला का नाय तुला?"

"समजला की, गुड्ड्या. पोरगं जातं, मायला वाईट वाटतं. चांगलाय." मग मान न वळवता मला म्हणाल्या, "शेजारीण बी तूच ना रे? आन् बकरी?"

मी म्हटलं, व्हय आजी.

"बकरी चांगली जमली."

साहेब खाली जाऊन चहाच्या गाडीपाशी उभे राहिले. ह्यावेळी ब्रेक नव्हता, कारण पुढं सांगायला काय उरलंच नव्हतं. पाठमोऱ्या बाईला वळवायला निघालेल्या माणसानं पुन्हा तिच्या पाठीसाठीच पिक्चर काढला होता. तो बी सगळ्यात चांगला जमलेला.

मधे थोडे दिवस ते शहागंजात फिरकलेच नायत. जुन्या चॅनेलातनं फोन आल्याचं कानावर आलं, केबिन अजून रिकामी आहे म्हणून. मला वाटलं, गेले आता. पण एका सकाळी आले, नेहमीसारखी खुर्ची फिरवून बसले आन् म्हणाले, चालव. नजमाआपा उठली, स्पीकरची वायर उपटून पर्समध्ये टाकली आन् पर्स मांडीवर घेऊन बसली.

"साब, अब सुनने को कुछ बी नहीं. नक्को बैठो ऐसे. सामने देखो."

साहेब थोडा वेळ भिंतीकडंच बघत बसले. भिंतीवर बघण्यासारखं काय नव्हतं, एक कॅलेंडर होतं ते बी जुनं. मग त्यांनी खुर्ची फिरवली. आपला स्वतःचा पिक्चर त्या माणसानं पहिल्यांदा डोळ्यांनी बघितला. शांताकाकूचा चेहरा आला तिथं ते पुढं वाकले, इतके की नाक स्क्रीनला लागायचं राहिलं. कुणी बोललं नाय. मी बी नाय, हे ध्यानात ठेवा, माझ्यासाठी ते लई अवघड आहे.

संपल्यावर साहेब म्हणाले, "लासूर, तुझं सगळं काढून टाकतोय. वाईट वाटून घेऊ नकोस."

मी म्हटलं, बकरी बी?

"बकरी पण."

दुसऱ्यांदा दाखवायला गेलो तेव्हा बी सकाळच होती. साहेबांनी आम्हाला दम दिला होता, काय बी झालं तरी खोलीत कुणी तोंड उघडायचं नाय. ते स्वतः आपल्या जागी, टीव्हीकडं पाठ, आईच्या पाठीकडं तोंड. आजींनी तव्यावर पोळी टाकली. टीव्हीत बी पोळपाटावर लाटणं चाललेलं, इकडं बी लाटणं चाललेलं. मग टीव्हीतलं पोरगं म्हणालं, निघतो. बाई म्हणाली, डबा घेतलास का. पोरगं जिना उतरायला लागलं.

आन् टीव्हीतलं लाटणं थांबलं.

खोलीत आता फक्त आजींचंच लाटणं. ते बी थोडं चाललं आन् थांबलं.

"लाईट गेली का रे?"

मी माझं तोंड हातानं दाबून धरलं होतं, कारण त्यात एक भाजीवाला तयारच होता.

"गुड्ड्या, गेली का लाईट?"

आन् आजी वळल्या. हातात लाटणं, लाटण्याला पीठ. टीव्हीत शांताकाकूचा चेहरा. आजी त्या चेहऱ्याकडं बघत राहिल्या. साहेब टीव्हीकडं बघतच नव्हते, ते आईकडं बघत होते. ज्या चेहऱ्यासाठी त्यांनी एवढा पिक्चर काढला, तो त्यांना स्क्रीनवर बघायची आता गरज राहिली नव्हती. मागं तव्यावर पोळी आधी फुगली, मग काळी पडली, मग धूर झाला. नजमाआपा उठायला लागली, मी तिची ओढणी धरून खाली बसवली.

पिक्चर संपला. स्क्रीन काळा झाला. मग आजींना वास आला.

त्यांनी गॅस बंद केला, पोळी उलथण्यानं उचलली आन् साहेबांच्या नाकापुढं धरली. खानावळ चालवली तेवढ्या वर्षांत ह्या घरात पोळी करपली नव्हती, आन् आज तुझ्या पिक्चरपायी करपली, हे त्यांनी साहेबांना दोन-तीनदा सांगितलं. आधी सांगता येत नाय का की बघायचंय म्हणून. म्हाताऱ्या माणसाला घाबरवतात का असं. मला वाटलं लाईट गेली. एवढा शिकला, मुंबईला राहिला, आन् अक्कल म्हणून नाय. साहेब करपलेली पोळी हातात घेऊन उभे होते आन् त्यांच्या तोंडावर अख्खी दिवाळी होती. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी नोट्स देत होतं.

"आन् ती बाई लाटायची थांबली कशाला?" आजींनी विचारलं.

"तिला वाईट वाटतं ना, आई. पोरगं चाललंय."

"मग थांबायचं नसतं. तेवढं बी कळत नाय तुला." आजींचा आवाज चढला. "तू जिन्यात होता तवर मी थांबले का? पीठ कवाच संपलं होतं. मोकळ्या पोळपाटावर लाटत होते मी, नुसतं लाकडावर लाकूड. रिक्षा सुरू झालेली ऐकली तवर हात चालू ठेवला. थांबले असते तर तू बॅग टाकून वर आला असता. मी काय ओळखत नाय तुला?"

साहेब गर्रकन फिरले. आईकडं पाठ, तोंड भिंतीकडं, हातात ती काळी पोळी. खांदे हलत होते. मला आन् आपाला माहीत होतं की हा माणूस आता जन्मात कधी ऐकलं नसंल असं ऐकतोय. आजींना ते कुठलं माहीत असायला. त्यांनी लाटण्याचं टोक साहेबांच्या पाठीत खुपसलं.

"आन् मी बोलायला लागले की पाठ फिरवतो? कुणी शिकवलं हे तुला? हिकडं तोंड कर आधी. हिकडं तोंड कर म्हणते ना."